गादीत राहिलेली सुई

वणीत कोणाच्या घरी काय शिजतंय हे मला वासावरून कळतं, अशी माझी बदनामी आहे. ती खरी आहे. पण आमच्या तालुक्यातल्या साहित्यिकांना इन्स्टाग्रामवरून चिमटे काढणारं ‘भेटप्रत’ नावाचं पेज कोण चालवतं, ते मलाही सहा महिने कळलं नव्हतं.

काय एकेक मीम असायचं! खड्ड्यात चाक रुतलेला कोळशाचा ट्रक, खाली ओळ: ‘कादंबरीचं दुसरं प्रकरण.’ रसवंतीत तिसऱ्यांदा पिळला जाणारा ऊस: ‘कवी, चौथ्या संग्रहाच्या वेळी.’ मंडपात दोनशे रिकाम्या खुर्च्या आणि एका खुर्चीत कुत्रं: ‘रसिकांच्या भरघोस उपस्थितीत.’ आमच्या साहित्यिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सारे पोट धरून हसायचे, आणि प्रत्येकाला वाटायचं, हे दुसऱ्यावर आहे.

त्या कुत्र्यानंच घात केला. हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला मी अतियाच्या दुकानात गेलो, तर पायरीवर तेच बसलेलं. अतिया म्हणजे आमची टायपिंगवाली. प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका आणि गावातल्या समस्त कवींची पुस्तकं तीच टाइप करते, पानं लावून देते. म्हणजे आमच्या कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी तालुक्यातली एकमेव व्यक्ती. सूड घ्यायचा हक्क तिचाच.

“अतिया, हे कुत्रं मोठं रसिक दिसते वं.”

तिनं जीभ चावली. “काका, कोणाले सांगू नका.”

आणि मी सांगितलं नाही. माझ्या आयुष्यात असं दोनदाच झालं आहे. कारण त्याच दिवशी तिनं मला दुसरं गुपित सांगितलं. तिच्या कॉम्प्युटरात एक गोष्ट पडून होती, अकरा वर्षांपासून, अर्धी. तिची आई आयशाबी लोकांच्या गाद्या भरायची; गोष्टीतली बाईही गाद्या भरणारीच. एकदा अतियानं त्यातला एक तुकडा ‘भेटप्रत’वर टाकला. मीमवर हजारो लोक हसायचे. त्या तुकड्याखाली एकच शेरा आला: ‘मीम कुठाय?’ तासाभरात तिनं तो काढून टाकला.

“हसणारे लय भेटले काका,” ती म्हणाली. “वाचणारा एक पाह्यजे होता.” आणि रिकामा स्टेपलर उगाच दाबत राहिली.

“मले दे, मी वाचतो,” मी म्हणालो. मग विसरलो.

पुढे सदाशिवरावांचा तिसरा संग्रह तिच्याकडे आला. सदाशिवराव मारेगावकडचे, तूर उत्तम पिकवतात. पुस्तक छापतात सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यात. कविता शहात्तर पानांत आटोपल्या, फॉर्मा भरतो ऐंशीला. उरलेल्या पानांत आमच्याकडे मान्यवरांचे अभिप्राय घालतात, नाहीतर जावयाच्या कृषी केंद्राची जाहिरात. “काय टाकायचं ते धाडतो,” सदाशिवराव म्हणाले. तोवर पान कसं दिसेल हे दाखवायला अतियानं तिथे आपली गोष्ट ओतली. तीन पानं भरली, वाक्य मध्येच तुटलं. ऐंशीवर छापखान्याचा पत्ता. प्रूफ गेलं, दुसऱ्या दिवशी फोन आला: “पाह्यलं! एक नंबर! पाठव छापाले.”

लग्नपत्रिकांची घाई होती. तिनंही पाठवून दिलं.

गठ्ठे आले आणि अतियाला दिसलं, काढायची राहिलेली तिची गोष्टही छापून आली होती. पण मग, तिनंच मला सांगितलं, ते सत्याहत्तरावं पान ती दोन्ही हातांनी धरून कितीतरी वेळ नुसती बघत बसली. छापलेलं. शाईच्या वासाचं. नाव नव्हतं, पण तिचं.

प्रकाशनाच्या दिवशी ती सांगायला गेली होती. सदाशिवराव फेट्यात. तिला पाहताच म्हणाले, “तुह्यामुळं झालं वं पोरी हे पुस्तक!” ती पेढा घेऊन परत फिरली. तिनं ठरवलं, जो वाचील तो विचारीलच.

मग तिनं वाट पाहिली. ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला. ‘वाचनीय!’ ‘एका बैठकीत संपवला!’ एका महाभागानं तर लिहिलं, ‘शेवटच्या पानापर्यंत खिळवून ठेवतो.’ तो महाभाग मीच. माझी भेटप्रत तेव्हा वेष्टनात होती. पुढेही कितीतरी दिवस तशीच राहिली.

दोन महिने गेले. एकदा तिनं मला एक तयार मीम दाखवलं: ‘तीनशे प्रती. तीन पानं परक्याची. तक्रार: शून्य.’

“टाक ना मंग,” मी म्हणालो. “गाव लोळन हसून.”

“टाकलं म्हणजे वाट पाहणं संपलंच ना काका.” तिनं स्क्रीन बंद केला.

आणि एका बाजाराच्या दिवशी बेबीताई आल्या. सदाशिवरावांच्या सौभाग्यवती. एका हातात भाजीची थैली, दुसऱ्यात पुस्तक, त्यात खूण म्हणून बसचं तिकीट. मी तिथेच होतो. मी कुठे नसतो?

“अतिया, हे मागचं आमच्या ह्यायचं नाही.”

“कशावरून काकू?”

“चाळीस वर्षांत ह्यायले गादी कुठं उसवली ते दिसलं नाही. अन् ह्यात टाके मोजले हायेत.” पुस्तक टेबलावर आलं. “ते राहू दे. मले सांग, नवरीची गादी शिवता शिवता ते बाई सुई गादीतच ठेवते, बाहेर जाते, अन् पुढं पानच नाही! त्या सुईचं काय झालं? नवी पोरगी निजन त्याच्यावर! चार दिवसांपासून मी माहीच गादी चाचपून राह्यली.”

अतियानं पुस्तकातलं बसचं तिकीट काढून पुन्हा तिथेच ठेवलं. मग म्हणाली, “मलेच माहीत नाही काकू. तिथवर लिहिलं अन् अम्मी गेली. तिले विचारायचं राहून गेलं.”

बेबीताईंनी थैली खाली ठेवली, स्टूल ओढलं.

“मंग बस. काढ ते. मी हावो इथं. वांगे काही पळून नाही जात.”

अतियानं डोळे ओढणीनं पुसले. माझ्याकडे वळून म्हणाली, “काका, तुमची झेरॉक्स उद्या.”

ह्या गोष्टीला महिना झाला. ‘भेटप्रत’वर नवं मीम नाही, ग्रुप चुळबुळतो आहे. बेबीताई दर बाजाराला येऊन स्टुलावर बसतात. सुई अजून सापडलेली नाही, एवढंच मला कळलं. सदाशिवरावांना तर तेही नाही.

बेबीताई पहिल्यांदा आल्या, त्याच दिवशी घरी येऊन मी माझ्या प्रतीचं वेष्टन फोडलं होतं. तीन पानं वाचली, पुन्हा वाचली. ‘...ती बाहेर गेली आणि’. मी पान उलटलं. मागे छापखान्याचा पत्ता.

आता मीही रोज दुकानाच्या पायरीवर जाऊन बसतो. कुत्रं थोडं सरकतं, मला जागा देतं.