मायच्या वाट्याचं ऊन

नागपूरच्या डॉक्टरांनी मायला ऊन बंद केलं तेव्हा मी सातवीत होते. ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. तिच्या दोन्ही गालांवर लाल चट्टे उठायचे, बोटांचे सांधे सुजायचे, ताप हटायचा नाही. आदिलाबादचे दवाखाने पालथे घालून झाल्यावर आम्ही नागपूर गाठलं. तिथले डॉक्टर समजावून सांगणारे निघाले. म्हणाले, जंतूंशी लढायला रक्तात अँटीबॉडी तयार होतात, पण हिच्या अँटीबॉडी हिच्याच अंगावर उलटल्या आहेत. रोगाचं नाव ल्यूपस. ऊन लागलं की तो चवताळतो, म्हणून उन्हात जायचं नाही.

माय म्हणाली, "मंजे आंगातच भाऊबंदकी लागली मना की."

आमचं गाव जैनथकडचं. कापूस, ज्वारी आणि विहिरीपाशी थोडा भाजीपाला. मायच्या हातासारखा कापूस वेचणारा हात गावात दुसरा नव्हता. तिच्या शेजारची ओळ घ्यायला बायका कुरकुरायच्या. आता ती खोलीत बसून, आणि खिडकीला बाबांनी पोतं ठोकलेलं. गोळ्यांनी तिचा चेहरा सुजून गोल झाला, तर शेजारणी म्हणायच्या, "बसून खाल्लेलं मानवलं वं तुले." मला त्यांचा असा राग यायचा की एकीशी मी वर्षभर बोलले नाही.

दुपारी मी शेतातून ओटीभर कापूस घरी आणायची. कडक उन्हातून आणलेला कापूस आतून गरम असतो. माय त्यात मनगटापर्यंत हात खुपसायची आणि डोळे मिटून सांगायची, "आज लय तापून राह्यलं बाहेर." कापूस निवला तरी हात काढायची नाही.

त्याच हिवाळ्यात शाळेत जीवनसत्त्वांचा धडा आला. कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं, हाडं बळकट होतात, असं मी मोठ्यानं पाठ करत होते. आतून मायचा आवाज आला.

"पुन्ना वाच."

मी वाचलं.

"पुस्तक खोटं लिवते काय?"

"नाही."

"मंग?"

मी वर्गात पहिली येणारी, म्हणजे शिंगं फुटलेलीच. एवढी साधी गोष्ट नागपूरच्या डॉक्टरांच्या ध्यानात कशी आली नाही, याचं मला नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी बाबा शेतात गेल्यावर मी मायला हाताला धरून परसात नेलं, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाशेजारी. असे आठ दिवस. पाय लांब करून, डोक्यावरचा पदर खाली टाकून ती बसायची. बोटं वळत नव्हती तरी माझ्या वेण्या घालायची. त्या शाळेत पोचायच्या आत सुटायच्या. बाबांच्या बोलण्याची नक्कल करून हसायची. मी शाळेत उशिरा पोचायची आणि मला काही वाटायचं नाही. आज मला दुसरं काही नको, ते आठ दिवस हवेत.

नवव्या दिवशी चट्टे पेटले, तापानं ती बरळू लागली, पाय सुजले. नागपूरच्या दवाखान्यात महिना गेला. डॉक्टरांनी विचारलं, "उन्हात गेला होतात का?" मी भिंतीकडे पाहत राहिले. माय म्हणाली, "नाही जी. खोलीतच होती मी."

त्यानंतर तिला उन्हाचा कवडसाही मिळाला नाही. मी शिकले, लग्न होऊन भैंशाला गेले. नव्वदचं दशक सरता सरता तिला दोन पावलं चालणं जड झालं. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी हाडं ठिसूळ झालीत, आणि वर्षानुवर्षं ऊन नाही म्हणून ड जीवनसत्त्वही उरलेलं नाही. पुस्तक खरं होतं, डॉक्टरही खरे होते. मधल्या मध्ये माय भरडली गेली. डॉक्टरांनी दुधातून घ्यायच्या त्याच जीवनसत्त्वाच्या पुड्या लिहून दिल्या.

मी माहेरी होते त्या दिवशी तिनं पहिली पुडी घेतली. "ह्याच्यात ऊन हाय मने," पेल्याभोवती हात धरून ती म्हणाली. "मंग हात गरम काऊन नाही होऊन राह्यले?"

माझ्यानं राहवलं नाही. इतकी वर्षं गिळलेलं बोलून टाकलं. "माय, तवा मीच तुले उन्हात नेलं. माह्या शहाणपनापायी तुह्यावर बितलं."

"येडी हायस काय? डॉक्टर बोलला तवा त्याच्यासमोर मीच बसून होती ना? ऊन बाधते हे मले मालूम नव्हतं काय?"

"मंग आली काऊन?"

तिनं दूध संपवलं, पदरानं ओठ पुसले.

"भाऊबंदकी झाली मनून आपला वाटा कोनी सोडते काय? आठ दिवस माह्या वाट्याचं ऊन घेतलं मी. तुह्या वेन्या घातल्या." मग तिनं रिकामा पेला माझ्या हातात दिला. "जाय, इसळून आन."