बाई आत आल्या नाहीत

शिक्षकांना शिकवण्याइतकं अवघड काम जगात दुसरं नसेल. मुख्याध्यापक व्हायला निघालेल्या शिक्षकांसाठी तो दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता, तास शनिवार-रविवारी. एरवी पोरांना ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ करायला लावणारी ही मंडळी स्वतः बाकावर बसली, की अशी काही किलबिलायची की विचारू नका. मागे डबे उघडायचे, खिडकीपाशी पेन्शनच्या गप्पा रंगायच्या, आणि शालेय प्रशासनाचे प्राध्यापक बिचारे फळ्यापाशी घसा कोरडा करत उभे. पहिल्याच दिवशी मागून कोणीतरी नुसतं म्हणालं, “शांत.” मोठ्यानं नव्हे हं. पण अख्खा वर्ग गप्प झाला. प्राध्यापकही गप्प झाले आणि आपण काय सांगत होतो तेच विसरले.

त्या गणिताच्या बाई.

शाळेतही त्यांचा असाच दरारा. जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या, की तो मजला चिडीचूप. आयुष्यात कधी कोणावर हात उगारला नाही, उलट पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. मुलांनी त्यांचं नाव ‘म्यूट’ ठेवलं होतं. बाईंना ते माहीत होतं, आणि मनातल्या मनात आवडतही होतं.

शाळेचे मुख्याध्यापक उन्हाळ्यात निवृत्त व्हायचे होते. संस्थेनं आधीच सांगून ठेवलं होतं, की हा कोर्स पुरा केलेला कोणी शाळेत असेल तर खुर्ची त्याची, नाहीतर बाहेरून माणूस आणू. बाईंना ती खुर्ची हवी होती. त्यात लाजायचं काय? ज्या शाळेत केस पांढरे झाले ती शाळा एकदा आपल्या हातानं चालवावी, असं वाटणारच माणसाला. पन्नाशी उलटली होती, म्हणजे पुन्हा संधी मिळायची नव्हती. आता राहिलं होतं ते शेवटच्या सत्राचं प्रॅक्टिकल: आपल्याच शाळेत प्रभारी म्हणून काम करायचं, आणि मार्गदर्शक मॅडमनी पास म्हटलं तर पास.

या मॅडम म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघे गेलेले, नजर शाबूत. समोरचा कितीही घोळवून बोलला तरी त्या शांतपणे म्हणायच्या, “पुन्हा सांगा.” त्यामुळे कोर्समध्ये त्यांचं तेच नाव पडलं होतं.

त्या पहिल्यांदा शाळा बघायला आल्या, तेव्हा वरच्या मजल्यावर आठवीच्या वर्गात बाजार भरला होता. तास भूगोलाच्या नव्या सरांचा. पोरगेलासा माणूस, अभ्यास दांडगा, पण आवाज असा, की पहिल्या बाकापर्यंत पोचेपर्यंत दमायचा. बाईंनी दार ढकललं आणि उंबऱ्यात नुसत्या उभ्या राहिल्या. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. सरांनी कृतज्ञतेनं मान लववली. बाई दार लावून वळल्या. आता शाबासकी मिळणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

“वर्ग शांत झाला,” मॅडम म्हणाल्या. “आता तो कोणाचा आहे?”

“म्हणजे? सरांचाच.”

“पुन्हा सांगा.”

बाईंनी वळून बंद दाराकडे पाहिलं. मॅडम एकेक पायरी जपून उतरत म्हणाल्या, “शाळेत एवढे वर्ग आहेत, बाई. सगळे तुम्हीच घेणार आहात का? मला तुम्ही उत्तम शिक्षिका दिसलात. मुख्याध्यापिका अजून दिसली नाही. सत्र संपताना येईन.”

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी गेल्या तेव्हा नवरा ओट्याशी कांदा चिरत होता. “द्या इकडे,” त्याच्या हातातली सुरी घेत बाई कडाडल्या, “तुम्हाला जमायचं नाही ते.”

“लग्न झाल्यापासून हेच ऐकतोय,” नवरा हसत म्हणाला. “जमणार कसं मग? सुरी हातात टिकतेय कुठे?”

बाई एकदम थबकल्या. मग त्यांनी सुरी त्याच्या हातात परत दिली. भाजीत कांद्याचे हे एवढाले तुकडे आले आणि बाईंनी ते मुकाट्यानं खाल्ले.

खरा चटका बसला तो दुसऱ्या दिवशी. भूगोलाचे सर शिक्षकांच्या खोलीत आले ते कानापर्यंत लाल होऊन. “बाई, आज मी फळ्यावर नकाशा काढत होतो. जरा गलका झाला, तर एक मुलगी उठून म्हणाली, ‘सर, बाईंना बोलावू का?’ सगळा वर्ग हसला.” मग ते म्हणाले, “हे काम माझं नाही बहुतेक. वर्षअखेर सोडावं म्हणतोय.”

त्यांनी आरोप केला नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. त्या दिवसापासून बाईंनी कानाला खडा लावला. व्हरांड्यातून जाताना दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरायच्या, न जाणो एखादा हात कडीकडे जायचा! सरांबरोबर रोज मधल्या सुट्टीत बसायच्या. तास कसा सुरू करावा, कोणाला कुठे बसवावं, आवाज चढवण्याऐवजी कधी थांबावं, सगळं बोलायच्या. त्यांच्या वर्गात मात्र पाऊल टाकत नव्हत्या. खोड जुनी होती. जीव नुसता तळमळायचा.

सत्र संपताना मॅडम आल्या आणि त्यांच्याबरोबर संस्थेचे अध्यक्षही आले. खुर्ची कोणाला द्यायची ते त्यांना स्वतः बघायचं होतं. तिघं वर पोचली आणि नेमका आठवीतून गदारोळ. तास भूगोलाचा.

“हे काय चाललंय?” अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “बाई, जा ना आत! तुमचं तर नाव आहे त्याबद्दल.”

बाईंचा हात कडीवर गेलासुद्धा. दाराला काच होती. पुढच्या बाकावरच्या मुलीनं त्यांना पाहिलं, शेजारणीला कोपर मारलं, आणि कुजबूज पसरत गेली: बाई आल्या. सरांनीही पाहिलं. खडू खाली ठेवून ते एक पाऊल मागे सरले, वर्ग बाईंच्या ताब्यात द्यायला.

दार उघडलं तर अध्यक्ष खूश, आणि वर्षअखेर हा पोरगा गेला. नाही उघडलं तर मग खुर्चीचं काय ते दिसतच होतं. त्यांनी कडीवरचा हात काढला, मागे वळल्या आणि काचेकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

“अहो, ऐकू येतंय ना?” अध्यक्ष म्हणाले.

“येतंय, साहेब. तास सरांचा आहे.”

“आणि उद्या शाळा तुमच्या हाती दिली तर अशीच चालवणार?”

“हो,” बाई म्हणाल्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. मॅडम भिंतीला टेकून गुडघा चोळत होत्या.

आत गोंधळ आणखी वाढला. मग सरांचा आवाज आला, मध्येच फाटला, पुन्हा आला. काहीतरी बोलले ते. पोरं हसली, पण या वेळी सरांना नव्हे, सरांबरोबर. बाकं सरकली. गलका उतरत उतरत एवढाच उरला, की एकानं प्रश्न विचारावा आणि चौघांनी एकदम उत्तर द्यावं.

घंटा झाली. सर बाहेर आले, केसांत खडूची पूड, शर्ट घामानं ओला.

“काय सांगितलंत पोरांना?” अध्यक्षांनी विचारलं.

सरांनी बाईंकडे पाहिलं. “म्हटलं, बाई आत येणार नाहीत. त्यांचा आपल्यावर विश्वास आहे. आता आपलं आपण बघायचं.”

बाईंचे डोळे भरून आले, आणि ते लपवायलाही त्या विसरल्या.

“पुन्हा सांगा,” मॅडम सरांना म्हणाल्या, पण बघत होत्या अध्यक्षांकडे.

उन्हाळ्यानंतर शाळा उघडली, तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीतून बाई पहिल्या फेरीला निघाल्या. वरच्या मजल्यावर भूगोलाचा तास चालू होता, आणि बऱ्यापैकी आवाज होता. बाईंची पावलं क्षणभर अडखळली. मग हात पाठीमागे घट्ट धरून त्या पुढच्या वर्गाकडे चालू लागल्या.