पदर काढा, मग नाक धरा

बाईनं सगळ्या पोरींची नाकं धरली. माह्यंच नाई धरलं.

हिंगणघाटाकडची आमची शाळा. आणीबाणीच्या अगोदरची गोष्ट. वर्ध्याच्या धावण्याच्या स्पर्धेले एकच पोरगी न्यायची होती. खेळाच्या बाई ट्रेनिंग करून आलत्या. म्हणे, जिचं काळीज मजबूत तिचा दम जास्त टिकते. पोरीनं मैदानाले फेरी मारायची, उभं राहून श्वास भरायचा, तोंड बंद ठेवायचं. बाई दोन बोटांनी नाक चिमटीत धरत. दुसऱ्या हातात घड्याळ.

माहा नंबर आला तं बाईचा हात मागं गेला.

"तू तुझं नाक तूच धर."

धरलं. डोळ्यापुढं अंधारी आली तरी सोडलं नाई. सगळ्यात जास्त दम माहाच टिकला. पाटलाची शशी बोलूनच गेली, "मेली का काय माय!"

बाई म्हणाल्या, "हे मोजायचं नाही. नाक तिनंच धरलं होतं. चोरून श्वास घेतला असेल."

मले राग नाई आला. काईच नाई आलं. पायाखालची ढेकळं पाहत राह्यली. आम्ही बौद्धपुऱ्यातले, हे बाईले माहीत होतं. शाळेत पाणीई मले वरून ओतूनच भेटे. सवय झालती.

पण धावणं माह्यं होतं. ते कोणी दिलं नव्हतं मले.

"बाई, मंग तुम्ही धरा माह्यं नाक. पुन्हा दम धरते."

बाईनं पदराचं टोक घेतलं, बोटांवर गुंडाळलं अन् हात पुढं केला. चुलीवरचा तापलेला भाताचा गंज उतरवाले फडकं घेतात, तसा.

पदर नाकाले लागला. पावडरचा वास आला. मी त्यांचा हात बाजूले केला.

"पदर काढा. बोटानं धरा."

"काय म्हणालीस?"

"शशीचं धरलं तसं."

"आगाऊ कुठली! नीघ इथून."

निघाली. वर्ध्याले शशी गेली.

संध्याकाळी माय कापूस वेचून आली. पायातला काटा काढता काढता तिनं सगळं ऐकलं.

"काऊन वो पोरी? पदरानं तं पदरानं. धरू द्याचं होतं. तुयं काय झिजलं असतं? वर्धा तं पाह्यलं असतं."

"मले असं वर्धा नाई पाह्यचं, माय."

काटा निघाला, मायनं तो चुलीत टाकला. मी जेवली अन् झोपली. रडूई आलं नाई. त्याचंच मले वाईट वाटते अजून.

तवा ठरवलं ते ठरवलं. माह्या दमाचं माप घ्याचं असंन तं उघड्या बोटानं घ्या. मधात कपडा घालून दिलेलं मले काईच नाई पाह्यजे. शाबासकी नाई, नोकरी नाई, पाणीई नाई. उद्या कोणी माफी मागाले आले, तरी मी पहिले त्यांचे हात पाहीन.