पंचेचाळीस आणि बत्तीस

गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात मला कॉम्प्युटरवर नोकरी लागली, तीही कच्ची. प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ह्या वर्षाचा निकाल मशीनवर बरोबर लागला तर मशीन ऱ्हातंय. न्हाईतर परत पाठवतो." मशीनबरोबर मीही परत जाणार हे ते बोलले नाहीत, पण मला नीट कळलं. मंठाळच्या आमच्या बौद्ध वस्तीतून ऑफिसात नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी. परत जायचं नाही, एवढं मी ठरवून आले होते.

निकालाच्या दिवशी सकाळी पहिला कागद छापून निघाला आणि त्यावर एका विद्यार्थ्याला शंभरापैकी चार हजार पाचशे बत्तीस गुण. लेखीचे पंचेचाळीस, तोंडीचे बत्तीस. बेरीज सत्याहत्तर व्हायची, तर मशीनने पंचेचाळीसच्या शेजारी बत्तीस चिकटवून दिले होते. दुसऱ्या विद्यार्थ्यापाशी तर प्रोग्राम बंदच पडला. प्राध्यापकांना हसून हसून ठसका लागला. एक म्हणाले, "विद्यापीठात पयला आला की हो ह्यो." मी हसले नाही. मला राग आला होता, आणि रागात माझं डोकं बरं चालतं.

कारण आमच्या टायपिस्टअण्णांकडे सापडलं. गैरहजर विद्यार्थ्यापुढे 'एबी' लिहायचं तर ती अक्षरं अवतरणचिन्हांत घालावी लागत, हे मीच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी गुणांनाही ती चिन्हं लावली होती. कुठे लावली, कुठे विसरले.

"कामून लावलात अण्णा हे?"

"भ्या नको म्हणून लावलो बाई. लावलेलं बरं असतंय."

चिन्हांत गेलेला आकडा मशीनच्या लेखी आकडा उरत नाही, नुसती अक्षरं होतात. अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक जोडणं. आणि एकीकडे आकडा, दुसरीकडे अक्षरं आली की मशीन हातच टेकतं.

सगळे गुण पुन्हा टाइप करायला वेळ नव्हता. प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला होता तिची तऱ्हाच तशी होती: माहिती ठेवायच्या डब्याला 'गुण' नाव दिलं तरी आत आकडाच राहील अशी सक्ती नाही, जे टाकाल ते तो मुकाट्याने ठेवून घेतो. मी मात्र नावावर विसंबून बेरजा करत सुटले होते. माझे वडील बसवकल्याणच्या बाजारात भाजी घेऊन बसत, तेव्हा गिऱ्हाइकाचं धोतर-टोपी बघून कधी बोलत नसत. कानडी, मराठी की दखनी, ते आधी त्याच्या तोंडून निघू देत आणि मग त्याच भाषेत भाव सांगत. मीही तेच केलं. बेरजेआधी डब्यात जे असेल त्याला विचारायचं, तू कोण? आकडा असशील तर चल पुढे. अक्षरांच्या वेशातला आकडा असशील तर तुझा आधी आकडा करते. 'एबी' असशील तर गैरहजर. यातलं काहीच नसशील तर थांब तिथंच. 'तू कोण' हा प्रश्न मला आजवर पुष्कळांनी विचारला होता, आणि तो कशासाठी विचारतात हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी विचारणारी मी होते, आणि उत्तर काहीही आलं तरी त्याला जागा करून देणार होते. भलतीच मजा आली.

दुपारी प्राचार्य स्वतः येऊन बसले. मध्येच कुठलंही नाव काढायचे, बोटांवर बेरीज करायचे आणि कागदाशी ताडून बघायचे. दरवेळी जुळलं. सकाळी हसलेले प्राध्यापक मागे उभे राहून मनापासून चूक शोधत होते, पण एकालाही सापडली नाही. मला इतका आनंद झाला होता की तो लपवायचं सुचलंसुद्धा नाही.

"बरोबर हाय," प्राचार्य उठत म्हणाले. "मशीन ऱ्हाऊ दे."

"आणि मी, सर?"

ते दारात थांबले. "तुम्ही नसल्यावर ते एकटं ऱ्हाऊन काय करतंय? पक्क्या नोकरीचा हुकूम आजच टाइप करायला सांगतो."

हुकूम यायला तास गेला असेल. तेवढा वेळ मी माझ्या खुर्चीत ऐसपैस बसून राहिले.