निळ्या प्रकाशातला हिरवा उंचवटा

इंग्लंडमध्ये, लीड्सला, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्ट एका डिजिटल कॅमेऱ्यावर होता. त्याचा सेन्सर कोणत्या रंगाच्या प्रकाशाला किती प्रतिसाद देतो ते मोजायचं आणि त्यावरून फोटोतले रंग खरे ठेवणारं प्रोफाइल बनवायचं. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. बाबा हॉस्पिटलच्या लाँड्रीत होते. ते विचारायचे, "झालं का रे मोजून?" मी नुसतं "होतंय" म्हणायचो.

होत नव्हतं. अंधाऱ्या खोलीत मोनोक्रोमेटर नावाचं यंत्र एका वेळी एकाच रंगाचा प्रकाश पांढऱ्या पाटीवर टाकायचं. जांभळ्यापासून लालपर्यंत थोडं थोडं सरकत मी त्या पाटीचे फोटो घ्यायचो. आलेखात कॅमेऱ्याच्या हिरव्या प्रतिसादाची रेघ निळ्या भागात खाली उतरायला हवी होती. नेमकं तिथेच तिला टेंगूळ यायचं. शेवटी एके दिवशी प्रोजेक्टचे सर म्हणाले, "आज जमलं नाही तर दुसऱ्या कॅमेऱ्याचे तयार आकडे वापर आणि रिपोर्ट लिही." त्यांचं चूक नसावं. पण मला दुसऱ्याचे आकडे नको होते.

माझ्यानंतर खोली नागपूरच्या एका ताईची असायची. ती आमच्याच कॉलेजात पीएचडी करत होती. त्या दिवशी ती दारात आली तेव्हा मी निळा प्रकाश तसाच ठेवून, कॅमेरा बंद करून, नुसत्या डोळ्यांनी बघत उभा होतो. ती हसायलाच लागली.

"अरे, पोटावर सिग्नल लावून सायन्स करतो का रे पोट्ट्या?"

मी खाली पाहिलं. सुपरमार्केटच्या ट्रॉल्या गोळा करायची सकाळची शिफ्ट संपवून मी रोज तसाच लॅबला यायचो, अंगात लांबून दिसावं म्हणून घालायचं ते भडक पिवळं हाय-व्हिज जॅकेट. निळ्या प्रकाशात ते हिरवं चमकत होतं, आणि मी पाटीला खेटून उभा. फोटो घेतानाही मी तिथेच असायचो; तेच हिरवं पाटीवर पडून कॅमेऱ्यात जात होतं.

"ताई, मला सगळं परत घ्यावं लागेल. थांबशील?"

"सगळं कशाला? निळा भाग तेवढा घे."

"नको. लालपर्यंत हेच अंगात होतं."

तिने खुंटीवरचा काळा कोट माझ्याकडे फेकला. "घाल. आणि लवकर आटप."

मी जॅकेट बाहेर ठेवलं आणि जांभळ्यापासून सुरुवात केली. या वेळी रेघ निळ्यात सरळ खाली उतरली.

सर निघायच्या बेतात होते. मी आलेख त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी हिरव्या रेघेवरून सावकाश बोट फिरवलं.

"मग हेच लिही," ते म्हणाले. "आधी का चुकलं, तेसुद्धा."