देवळालीच्या शनिवारचे नाच

अनवरी शेख आणि तिचा नवरा कादरभाई यांचं शिलाईचं दुकान देवळाली कॅम्पच्या बाजारात आहे. कादरभाई फौजींचे युनिफॉर्म शिवतात, अनवरी बायकांचे ड्रेस आणि ब्लाउज. ती पन्नाशी उलटलेली, ठेंगणी बाई. बोलणं बेताचं. तिला स्कॉटलंडच्या लोकांचे नाच येतात हे बाजारात फार थोड्यांना माहीत होतं. ज्यांना होतं त्यांनीही कादरभाईंच्या भिडेखातर ते कधी बोलून दाखवलं नाही.

तिला ते शिकवले खोर्शेदआंटींनी. आंटी पारशी, एकट्या, लॅम रोडच्या आतल्या बाजूला त्यांचा बंगला. लहानपणी त्या डोंगरावरच्या बोर्डिंगमध्ये होत्या आणि तिथल्या स्कॉटिश बाईंनी मुलींना हे नाच शिकवले होते. नवरा गेल्यावर आंटींनी कॅम्पातल्या बायकांसाठी शनिवारी दुपारी एका हॉलमध्ये वर्ग सुरू केला. अनवरी तिथे गेली ती शिवलेला ड्रेस पोचवायला. समोरासमोर रांगा करून चार जोड्यांनी नाचायचं असतं, आणि त्या दिवशी एक बाई आली नव्हती. आंटींनी अनवरीच्या हातातली पिशवी काढून खुर्चीवर ठेवली आणि तिला रांगेत उभं केलं.

"चालता येतं ना? मग झालं," त्या म्हणाल्या.

घरी सांगितलं तेव्हा कादरभाईंनी बराच वेळ मशीन चालूच ठेवलं. मग तिथे पुरुष असतात का एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर विषय संपला. पुढे पावसाळ्यात ते तिला आणायला स्कूटर घेऊन जायला लागले, पण फाटकाबाहेरच थांबायचे.

अनवरीला त्या नाचांत काय मिळालं हे तिला कधी नीट सांगता आलं नाही. दिवसभर वाकून बसणाऱ्या बाईला ताठ उभं राहायला मिळतं, एवढं एकदा ती म्हणाली होती. आणि कुणाचा तरी हात धरायचा, सोडायचा, आणि तो हात फिरून परत आपल्याकडे येतो, हे तिला आवडायचं.

जगभरातले हे नाच करणारे लोक आपापल्या वर्गाच्या याद्या एका वेबसाइटवर टाकतात: आज कोणते नाच केले, कोणत्या क्रमाने. आंटींना मोबाइलवर टाइप करायचा कंटाळा. अनवरीच्या मुलीने, अदिबाने, खातं उघडून दिलं आणि ती लग्न होऊन मालेगावला गेली. तेव्हापासून दर शनिवारी घरी आल्यावर अनवरी यादी भरायची. इंग्रजी तिला अडखळत यायचं, पण नाचांची नावं ती सवयीनं चेहऱ्यासारखी ओळखायला लागली.

वर्षं गेली तशा याद्या खूप झाल्या, आणि सगळ्या एकाखाली एक पडलेल्या. वर्गातल्या बहुतेक बायका फौजींच्या. दोन-अडीच वर्षांत बदली झाली की त्या जायच्या, आणि पठाणकोटहून नाहीतर जबलपूरहून निरोप यायचा, की आंटी, इथेही चारजणी जमल्यात, सुरुवात कोणत्या नाचांनी करू? तेव्हा आंटींनी ठरवलं की याद्यांचे संग्रह करायचे. साइटवर तशी सोय होती. नवशिक्यांसाठी एक संग्रह, माणसं कमी असतील तेव्हाचा एक, आणि कुणाची बदली झाली की निरोपाच्या दिवशी जे नाच व्हायचे त्यांचा एक. आंटी दुकानात येऊन स्टुलावर बसायच्या. अनवरी एकेक यादी वाचून दाखवायची आणि आंटी ती कुठे घालायची ते सांगायच्या.

आंटींना विसरायला होतंय हे तिथेच पहिल्यांदा कळलं. एका यादीतला नाच वाचल्यावर आंटी म्हणाल्या, हा आपण कधी केलेला नाही, चुकून भरलास. तो नाच वर्गाचा सगळ्यात आवडता होता. अनवरीला वाटलं, चेष्टा करताहेत. पुढच्या आठवड्यात त्यांनी एकच यादी तीन वेगवेगळ्या ठिकाणी घालायला सांगितली, आणि अनवरीने तसं म्हटल्यावर त्या रागावून उठून गेल्या. त्यांना असं रागावलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

मग एका शनिवारी, स्वतःच शिकवलेल्या नाचाच्या मधोमध, त्या थांबल्या. संगीत चालू होतं, सगळ्याजणी हात पुढे करून उभ्या होत्या. आंटींनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, आता कुणीकडे जायचं. कुणी हसलं नाही. अनवरीने त्यांना खांद्याला धरून वळवलं आणि नाच पुरा केला.

नाशिकच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. पुण्याहून भाचा आला, त्याने औषधांची सोय केली, दिवसभरासाठी कलाबाईला ठेवलं. वर्ग थांबला. अनवरीने काही शनिवार तो चालवून पाहिला. तिला पावलं सगळी यायची, पण मोठ्याने सांगायला जीभ उचलायची नाही, आणि अधिकाऱ्यांच्या बायकांना शिंपिणीने हात असा धरा, तसा धरा म्हणणं तिला स्वतःलाच अवघड जायचं. बायका वाईट नव्हत्या. एकेक करून यायच्या बंद झाल्या, इतकंच. पुढे हॉल कराटेवाल्यांना दिला गेला.

त्यानंतर अनवरी दुपारचं जेवण झालं की बंगल्यावर जायला लागली. आंटींना तिचं नाव आठवायचं नाही, कधी त्या तिला शाळेतल्या कुठल्यातरी मैत्रिणीच्या नावाने हाक मारायच्या. पण मोबाइलवर संगीत लावलं की पाय उठायचे. नाव, वार, जेवलो की नाही, सगळं गेलेलं असताना पाय बरोबर वळायचे. कलाबाई, अनवरी आणि आंटी, तिघी मिळून व्हरांड्यात जमेल तेवढं नाचायच्या. कलाबाई नऊवारी वर खोचून, तोंडावर पदर धरून हसत हसत.

त्या त्या दिवशी आंटींना जे नाच आले त्यांची यादी अनवरी संध्याकाळी भरायची. त्यासाठी तिने नवा संग्रह केला होता. नाव दिलं नुसतं 'व्हरांडा'. त्यातल्या सुरुवातीच्या याद्यांत पाच-सहा नाच असायचे. दिवाळीनंतर तीन राहिले. थंडी वाढली तशी यादीत एकच नाव यायला लागलं, एका संथ नाचाचं. तो त्यांना पार माघापर्यंत येत होता.

कादरभाई एकदा म्हणाले, "कशाला भरतेस? तुझाच जीव जळतो."

"मग हे सगळं कुठं ठेवू?" अनवरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशीपासून तिचं दुपारचं काम ते स्वतः करायला लागले.

एका दुपारी आंटी खुर्चीतून उठल्याच नाहीत. संगीत चालू राहिलं. काय करावं न सुचून अनवरी एकटीच नाचली, समोर कुणी आहे असं धरून हात पुढे करत. आंटी बघत होत्या, अगदी लक्ष देऊन.

"बरं नाचतेस," त्या म्हणाल्या. "कुणी शिकवलं?"

"तुम्हीच शिकवलंत, आंटी."

"मी?" त्यांना ते गंमतशीर वाटलं. "मला कुठे येतं."

अनवरीने संगीत बंद केलं. कलाबाईने चहा आणला. त्या दिवशीची यादी तिने भरली नाही.

उन्हाळा लागायच्या आत भाचा आंटींना पुण्याला घेऊन गेला. त्याचंही बरोबर होतं, रात्रीचं बघायला इथे कुणी नव्हतं. बंगल्याला कुलूप लागलं. अनवरीला हे कलाबाईकडून कळलं, दोन दिवसांनी. शिंप्याला कळवायचं असतं असं कुणाच्या मनात यायचं काही कारण नव्हतं. तिने पत्ता मिळवला आणि कादरभाईंबरोबर पुण्याला जाऊन आली. आंटी पलंगावर झोपलेल्या होत्या, केस बारीक कापलेले. दोघं पलंगाजवळ बसून राहिली. निघताना अनवरीने चादरीबाहेर आलेलं त्यांचं पाऊल आत घेतलं. ते गार होतं, म्हणून थोडा वेळ हातात धरून ठेवलं.

पावसाळ्यात आंटी गेल्या. भाच्याचा मेसेज सगळं आटोपल्यावर आला. शब्द चांगले होते. अनवरी तेव्हा एका लग्नाचे ब्लाउज शिवत होती. तिने मोबाइल कादरभाईंसमोर धरला. त्यांनी वाचलं, उठले आणि भर दुपारी शटर खाली ओढलं. आतल्या अंधारात ती मशीनवर डोकं टेकून रडली. ते तिच्या पाठीमागे उभे राहिले, तिला बघणं बरं दिसणार नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून.

राहिलेल्या याद्या तिने पुढच्या महिन्यांत लावून टाकल्या. नवशिक्यांचा, कमी माणसांचा आणि निरोपाचा, हे तिन्ही संग्रह कुणालाही उघडून बघता येतील असे ठेवले. जबलपूरच्या बाईने त्यांतले नाच वापरल्याचं कळवलं. 'व्हरांडा' मात्र तिने बंद ठेवला, फक्त स्वतःला दिसेल असा. अदिबाने एकदा विचारलं, अम्मी, त्यात काय आहे? काही नाही, ती म्हणाली, त्याच त्याच याद्या.

शनिवारी दुपारी आता ती दुकानातच असते. गिऱ्हाईक आलं की टेप गळ्यात टाकून उठते, माप घेते आणि परत मशीनवर बसते.