दगडावरचा मजकूर

नव्या चौकातल्या दगडावर काय कोरायचं हे ठरवायला समितीने मला बोलावलं. माझी पात्रता एवढीच, की घरात पुस्तकांची दोन कपाटं होती आणि ती रस्त्यावरून दिसत. निघालो तर फाटकापाशी, ज्याच्या नावाने चौक होणार होता त्या मुलाचे वडील उभे होते. म्हणाले, "काय लिहायचं ते लिहा. फक्त खोटं नको."

त्यांचा मुलगा वायुदलात वैमानिक होता. दोन महिन्यांपूर्वी सरावाच्या उड्डाणावरून परतताना, धावपट्टीच्या थोडं अलीकडे त्याचं विमान कोसळलं. चोवीस वर्षांचा होता. कुठेही युद्ध चाललेलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही मुंबई सोडून वसईत फ्लॅट घेतला, तेव्हा गॅलरीखाली त्यांची वाडी होती. केळी, पानवेली आणि मधे बावखल, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं तळं. कुटुंब इथलं जुनं, ख्रिस्ती. घरात ते त्यांच्या बोलीत बोलत. माझ्याशी मात्र शाळेच्या पुस्तकातलं मराठी, पाहुण्यासाठी चांगली कपबशी काढावी तसं.

मुलगा तेव्हा आठवीत असेल. पुस्तकं न्यायला यायचा, पण कथा-कादंबऱ्यांना हात लावत नसे. माझ्याकडे इंजिनांवरचं एकच जाडजूड पुस्तक होतं, तेच तो पुन्हा पुन्हा नेई. मुंबईला उतरणारी विमानं आमच्यावरून जात. गॅलरीत उभा राहून तो सांगे, "काका, चाकं बाहेर काढली, बघा!" मी चष्मा शोधून वर बघेपर्यंत विमान माडांमागे गेलेलं असे. खालून त्याची आई ओरडे, "ते उतरेल त्याचं त्याचं! तू आधी पंप बंद कर, पाणी रस्त्यावर चाललंय!"

पुढे तो खरंच वायुदलात गेला. सुटीवर आला की वडिलांचा जुना शर्ट अंगात घालून केळींना पाणी सोडायचा. गणवेश आम्हाला एकदाच दिसला, नाताळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, तोही फादरांनी फारच आग्रह केला म्हणून. एकदा मी विचारलं, "वर भीती नाही वाटत?"

"वर वेळच नसतो, काका. खाली वाटते. आई मुली दाखवते."

"दाखवते," आई आतून म्हणाली, "पण हा बघतो आभाळाकडे."

आईची एक सवय होती. वसईवरून कुठलंही विमान गेलं की ती हात करायची. त्याने नकाशा पसरून तिला समजावलं होतं की त्याचा तळ पार उत्तरेला आहे, आणि ही प्रवाशांची विमानं आहेत. ती म्हणाली, "असतील. पण वाट चुकून आलास तर? हात करायला काय जातं?"

शवपेटी आली ती बंदच. सलामी झाली, बिगुल वाजला, अधिकारी आले तसे गेले. नंतर सात दिवस संध्याकाळी घरात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना चालली. मी मागच्या बाकावर बसायचो. चौथ्या दिवसापासून प्रार्थनेची उत्तरं मलाही यायला लागली.

आणि मग समिती. मी लिहून नेलं होतं की सरावाच्या उड्डाणात अपघाती निधन. अध्यक्ष, म्हणजे आमच्या भागातले एक पुढारी, कागद उलटून मागची बाजू बघू लागले.

"एवढंच, सर? सराव म्हटलं की लोक विचारणार, मग चौक कशाला?"

"विचारू देत."

"शत्रूशी झुंजताना, एवढं टाका. कोण तपासायला येतंय?"

"वडील येणार आहेत."

"त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत आहे," ते म्हणाले. त्यांच्या मते माझ्या शंकेचं उत्तर यात आलं होतं.

चौकासाठी सिमेंटचं विमान घडवत होता तो गणपतीचा मूर्तिकार. त्याने दोन्ही अंगांना आठ-आठ गोल खिडक्या काढल्या. मी सांगितलं, लढाऊ विमानाला अशा खिडक्या नसतात. तो म्हणाला, "सर, आपल्यावरून जातात त्यांना असतात." मी ही गंमत म्हणून मुलाच्या आईला सांगितली. ती म्हणाली, "राहू देत खिडक्या. एकटाच असायचा तो आत."

अनावरणाला बँड होता, पताका होत्या, आणि मुलाचं नाव एकदाही नीट न उच्चारता झालेली चार भाषणं. पडदा सरकला. दगडावर लिहिलं होतं, 'शत्रूशी झुंजताना वीरमरण'. वडिलांनी आधी दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला त्या क्षणी तिथे नसायला आवडलं असतं.

त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. रविवारी चर्चमध्ये बायबलचं वाचन ते करत, तसाच त्यांनी चष्मा लावला आणि दगडावरचा सगळा मजकूर सावकाश वाचला. मग म्हणाले, "हे खरं नाही. शत्रू कोणी नव्हता. माझा मुलगा सराव करत होता. विमान उतरवताना गेला. तेही कामच आहे."

मग टाळ्या. सर्वांत जोरात अध्यक्षांच्या. बँडवाल्यांना वाटलं भाषण संपलं, त्यांनी सुरुवात केली. दगड तसाच राहिला.

आठवड्याने मुलाचे वडील माझ्याकडे आले. चर्चच्या स्मशानातल्या कबरीवरचा मजकूर मीच लिहावा असं त्यांचं म्हणणं होतं. मी जीव ओतून चार ओळी लिहिल्या. त्यांनी 'ऐन उमेदीत' या शब्दांवर बोट ठेवलं.

"हे कशाला?"

"बरं वाटतं वाचायला."

"कोणाला?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या भाषणांना हसत आलो होतो. मी पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी 'ऐन उमेदीत' खोडलं, 'मातृभूमीच्या सेवेत' खोडलं. नाव राहिलं, दोन तारखा, आणि 'विमान उतरवताना गेला'.

कागद घेऊन आम्ही दोघं वाडीत गेलो. मी आईला वाचून दाखवलं. तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"नावाच्या आधी 'आमचा' लिहा," ती म्हणाली.

वडिलांनी ते खोडलं नाही.